1986 ची कॉन्टेसा विकायची आहे. इंजिन बदललेलं, आरसी बुक अजून आप्पांच्या नावावर. किंमत आणि कागद कसे करू?

वडगावची_लेक

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या वडगावातली. आमचे साडीचे पॉवरलूम आहेत. आप्पा गेल्या श्रावणात वारले आणि मागांच्या शेडमध्ये त्यांची गाडी उभी आहे. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा, 1986 ची. ती विकायची आहे. भाऊ बेंगळुरात असतो, त्याच्याकडे स्कूटर लावायलाही धड जागा नाही. शेडमध्ये दोन नवे माग बसवायचेत, त्यांची आगाऊ रक्कम देऊन झाली आहे. म्हणून विकायचं हे नक्की. प्रश्न पुढचे आहेत.

आधी गाडीबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला नेमका अंदाज येईल.

आप्पांनी ती 1991 मध्ये संकेश्वरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा पांढरी होती. आत 1489 सीसीचं इंजिन, म्हणजे अँबॅसिडरलाही असायचं तेच, आणि चार गिअर. अंगानं एवढी मोठी गाडी आणि ताकद जेमतेम पन्नास घोड्यांची. कोल्हापूरला अंबाबाईला जाताना घरची पाच माणसं आणि डिकीत व्यापाऱ्याला द्यायच्या साड्यांचे गठ्ठे असले की सुतगट्टीच्या चढाला मागचे ट्रकवाले हॉर्न मारायचे. आप्पा काही बोलायचे नाहीत, फक्त दुसरा गिअर टाकायचे. पण सपाटीला लागली की असं वाटायचं की दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून चाललोय. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, येळ्ळूरच्या रस्त्यावर, भात कापून शेतं मोकळी झाल्यावर.

2009 ला ती बंद पडली आणि आठ वर्षं ताडपत्रीखाली राहिली. 2017 मध्ये आप्पांनी एक माग विकला आणि गाडी उघडली. तेव्हापासून पाच वर्षं दर रविवारी टॉर्च धरायला मी होते. म्हणून खाली जे लिहिते ते ऐकीव नाही.

पत्रा: दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पट्ट्या, ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन आणि डिकीत स्टेपनीची खोबण गंजून गेली होती. नवा पत्रा कापून, वाकवून वेल्डिंग केलं. पहिल्या पेंटरनं गाडी सात महिने ठेवून घेतली आणि गंजावरच बोटभर पुट्टी थापून दिली. आप्पांनी लोहचुंबक फिरवून बघितलं, तो चिकटेना. सगळं खरवडून दुसऱ्याकडे पहिल्यापासून करून घेतलं. तो खर्च दोनदा झाला, पण आता कुठंही चुंबक लावा, चिकटतो.

रंग: आप्पा रंगाच्या दुकानात कॅटलॉग बघायला गेलेच नाहीत. इरकलीच्या पदराला जो लाल लागतो त्या सुताचं एक कांडकं घेऊन गेले आणि म्हणाले, हा लाल जमवा. चौथ्या दिवशी जमला.

आत: नवीन वायरिंग, नवा फ्यूज बॉक्स, हेडलाइटला रिले. ठिणगीसाठीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. रेडिएटरला विजेचा पंखा. आजच्या गाड्यांत येतो तसला एसीचा कॉम्प्रेसर. आईला पुढं बसवून आप्पा स्वतः गाडी चालवायचे आणि त्यांचे खांदे दुखायचे, म्हणून स्टिअरिंगला मारुतीच्या गाडीची इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, सगळे पाइप, बूस्टर नवे. रेडियल टायर. सीटचं कापड मात्र आमच्याच मागावर विणलंय, जाड सुती, करडं.

इंजिन: 2021 चं पासिंग जुन्याच इंजिनावर झालं. पण तो सुतगट्टीचा चढ आप्पांच्या डोक्यातून जात नव्हता. 2022 मध्ये सांगलीच्या एका भंगारवाल्याकडून 1994 च्या कॉन्टेसा क्लासिकचं 1.8 इसुझू इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट आणलं. उद्यमबागेत बोअर करून, नवे पिस्टन-रिंगा घालून बसवलं. 1817 सीसी. त्यानंतर चढावर तिसऱ्या गिअरात पहिल्यांदा गेलो, तेव्हा आप्पांनी वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ नुसतेच बसून राहिले.

जुनं इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स मी टाकलेला नाही. शेडच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर आहे.

मागाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर आप्पांनी सगळा खर्च लिहून ठेवलाय. एकूण 6 लाख 83 हजार, स्वतःची मजुरी सोडून.

आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं आली:

एक कोल्हापूरचे. 8 लाख 50 हजार म्हणतात. त्यांना उद्याच गाडी हवी. आरसीवर जुना इंजिन नंबर आहे हे त्यांनीच दाखवलं आणि म्हणाले, "राहू दे तसंच, सही करून द्या, बाकीचं मी बघून घेतो."

दुसरे गोव्यातून आले, एका रिसॉर्टसाठी. 6 लाख. गाडी बागेत उभी करून लग्नवाल्यांना फोटो काढू देणार. चालवणार नाहीत.

तिसरा अंकलीचा, चिकोडी तालुक्यातला मुलगा. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. उसाची शेती आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. 5 लाख 75 हजार. तो तासभर गाडीखाली झोपून बघत होता आणि त्यानं प्रश्न मला विचारले. हे मुद्दाम लिहिते, कारण त्याच्याआधी आलेल्या दोघांनीही "घरात कोण पुरुष माणूस आहे का, त्यांच्याशी बोलतो" असं दारातच म्हटलं होतं.

आता विचारायचं ते: किंमत किती धरू? इंजिनचा नंबर कागदावर आणायचा तर कसा? आणि जुनं इंजिन गाडीबरोबर द्यावं की वेगळं विकावं? एकजण त्याचे बावीस हजार देतोय.

निपाणीचा_सर्व्हेअर

ताई, आप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी वीस वर्षं विम्याच्या कामात आहे, त्यामुळे आधी कागदांचंच बोलतो. किंमत नंतर.

तुम्ही इंजिनच्या नंबराची काळजी करताय, पण त्याच्या आधीची गोष्ट राहिली आहे. गाडी अजून आप्पांच्या नावावर आहे. गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी तुम्ही सही करून विकू शकत नाही, कोल्हापूरकर काहीही म्हणोत. मालक वारल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा असतो. तो फॉर्म 31. मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद आणि आई, भाऊ यांची संमती लागेल. मुदत उलटली आहे, दंड बसेल, पण काम होतं. गाडी तुमच्या नावावर आली की मगच विक्रीचे फॉर्म 29 आणि 30.

आता इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नीट वाचा. इंजिन बदललं तर चौदा दिवसांत नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवायचं असतं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीनं मुळात जे ठरवून दिलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तुमच्या बाजूनं एवढं आहे की 1.8 इसुझू त्याच कंपनीनं त्याच मॉडेलमध्ये दिलेलं इंजिन आहे. विरुद्ध बाजूनं हे की सीसी वेगळी आहे. त्यामुळे अर्ज मंजूर होईलच असं धरून चालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सांगलीची पावती जोडा. त्या पावतीवर इंजिनचा नंबर लिहिलेला आहे का? तो नसेल तर इंजिन कुठून आलं हे दाखवायला काहीच उरत नाही.

आणि "बाकीचं मी बघून घेतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. का ते सांगतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अपघाताच्या नुकसानभरपाईत नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल. गाडी चार हातांतून गेली असली तरी. मी अशी घरं बघितली आहेत, जिथं गाडी विकून तीन वर्षं झाली आणि नोटीस आली ती जुन्या मालकाच्या विधवेला. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नसेल तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते, हे वेगळंच.

कोल्हापूरला जायची असेल तर इथून फॉर्म 28 ची एनओसी घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो आणि तिथला कर भरावा लागतो. आपल्याकडं सीमेवर निम्मे लोक केए नंबरवर कागलला राहतात आणि एमएच नंबरवर निपाणीला, त्यामुळं हे कुणाला खरं वाटत नाही. पण अपघात झाला की सगळं बाहेर येतं.

शेवटचं. 2021 चं पासिंग म्हणजे 2026 ला संपणार. वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी 2025 पासून दहा हजार झाली आहे. हा खर्च कुणाचा, ते आधी ठरवा.

खानापूर_रोड

ताई विकू नका वो. अशी गाडी परत मिळणार नाही. माग काय, पुढच्या वर्षी घेता येतील.

वडगावची_लेक

दादा, भावना समजली. पण माझ्याकडे कामाला सात माणसं आहेत आणि जुन्या मागांवर त्यांना आठवड्यातून चारच दिवस काम देता येतंय. ते मी पुढच्या वर्षावर ढकलू शकत नाही.

निपाणीकर काका, मनापासून आभार. फॉर्म 31 चं मला माहीतच नव्हतं. सांगलीची पावती वहीत सापडली, हातानं लिहिलेली, इंजिन नंबर आहे. आप्पांनी त्याखाली पेन्सिलनं घासून नंबराचा छापही काढून ठेवलाय.

उद्यमबाग_लेथ

मी उद्यमबागेत तीस वर्षं लेथ आणि बोअरिंगवर काढली. तुमची गाडी बहुतेक मी बघितलीय, लाल, येळ्ळूर रोडला. आवाज चांगला होता. कागदाचं मला कळत नाही, लोखंडाचं सांगतो.

एक. पॉवर स्टिअरिंगची मोटर कशावर बसवलीय ते आधी बघा. मारुतीची मोटर कॉलमवर बसते आणि जोर सगळा तिच्या ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेट डॅशबोर्डच्या पातळ पत्र्याला टाचून दिलं असेल तर आज ना उद्या वेल्ड सुटणार. खाली आडवी जाड पट्टी टाकून बोल्टनं आवळलेलं पाहिजे. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना जोरात फिरवा आणि दुसऱ्याला खाली वाकून बघायला सांगा. ब्रॅकेट हललं तर विकायच्या आधी दुरुस्त करा, मग विका. यात माणसाचा जीव आहे.

दोन. इंजिन 1.8 चं, बॉक्स पाच गिअरचा, पण मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी पेटी) कुठला? जुना 1.5 चाच ठेवला असेल तर तसं सांगून टाका. आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवतोय का ते मोबाइलवर ताडून घ्या. बॉक्स बदलला की केबलीचं गणित चुकतं.

तीन. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून कागदावर लिहा. इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. चारांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. घेणाऱ्याला तोंडी वर्णनापेक्षा हे चार आकडे जास्त सांगतात.

चार, आणि हे सगळ्यांनीच वाचा. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण 1994 च्या कार्ब्युरेटरचे डायफ्राम, पेट्रोल पंपाचं रबर, टाकीपासूनचे जुने होज हे त्या पेट्रोलासाठी केलेले नव्हते. इथेनॉल रबर फुगवतं, मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिना महिना उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतून गंज. आपल्याकडं आषाढात तर भिंती घाम धरतात. व्हायटनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) होज घाला, कार्ब्युरेटरचं नवीन किट टाका, आणि उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, अर्धी नको. आप्पांनी हे केलं होतं का?

पाच. जुनं इंजिन ठोकळ्यांवर ठेवलंय ते बरं. पण नुसतं ठेवलं तर रिंगा सिलिंडरला धरतात. प्लगच्या भोकातून थोडं थोडं ऑईल सोडा आणि महिन्यातून एकदा पुढची पुली हातानं दोन फेरे फिरवा. बावीस हजाराला देऊ नका. त्या इंजिनाचा ब्लॉक गाडीच्या कागदावर आहे. उद्या ऑफिसनं 1.8 ला नाही म्हटलं तर तेच परत बसवायला लागणार.

पंचगंगा_काठ

मी कोल्हापूरचा, पण वर लिहिलेले कोल्हापूरकर मी नव्हे. माझ्याकडं 1.8 ची क्लासिक आहे, कारखान्यातून तशीच आलेली.

किंमतीबद्दल माझं मत थोडं कडू आहे, पण स्पष्ट सांगतो. 6 लाख 83 हजार खर्च झाला म्हणून तेवढी किंमत, हा हिशेब बाजार मानत नाही. जुन्या गाड्यांचे दोन वेगळे गिऱ्हाईक असतात. एकाला गाडी होती तशी पाहिजे: तेच इंजिन, तोच नंबर, तोच रंग, पॉइंटसकट. दुसऱ्याला जुनं रूप पाहिजे आणि आत आजची सोय. तुमची गाडी दुसऱ्यासाठी आहे. पहिल्याला ती दाखवू नका, तो प्रत्येक बदलाचे पैसे कापत जाईल.

पण एक गोष्ट आहे. 2021 च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. तुमची 1986 ची, म्हणजे 2036 ला पन्नास पुरी. तेव्हा जो कोणी मालक असेल त्याला तुमच्या कोपऱ्यातलं ते इंजिन लागेल. लेथवाले अण्णा म्हणतात ते बरोबर. वेगळं काढून विकलंत तर गाडीचं पुढचं दार बंद केल्यासारखं होईल.

अजून एक विनंती. जाहिरातीत "भारतीय मसल कार" असं लिहू नका, सगळे लिहितात. मसल कार म्हणजे काय ते बघा: 1964 ची पाँटियाक जीटीओ, 6.4 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, 325 घोडे. आपली 1.8 सुद्धा 88 घोड्यांची. दिसायला तशी वाटते याला कारण आहे. कॉन्टेसाचं अंग ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, त्यांच्या व्हीएक्स मालिकेचं, आणि व्हॉक्सहॉल त्या वेळी अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. म्हणून ती मागच्या दारापाशी उचललेली कंबर, ते लांब नाक. ते अंग व्हॉक्सहॉलच्या ल्यूटनमधून हिंदुस्थान मोटर्सच्या बंगालातल्या उत्तरपाड्याला आलं आणि 2002 पर्यंत निघत राहिलं. हे लिहा. खरं आहे ते पुरेसं मोठं आहे, त्याला अमेरिकेचं नाव लावायची गरज नाही. आणि "मसल" वाचून येणारा पोरगा पहिल्याच दिवशी हायवेला एकशे चाळीस करायला बघतो. या गाडीला मागं सरळ एक्सल आहे, एअरबॅग नाही. ती ऐंशी-नव्वदला राजासारखी चालते. घेणाऱ्याला हे आवडणार असेल तरच द्या.

माझ्या हिशेबानं, कागद पुरे झाल्यावर साडेसहाच्या आसपास. कागद अर्धवट असताना मी चारसुद्धा देणार नाही.

वडगावची_लेक

तुमचे सगळ्यांचे निरोप छापून काढले आणि वहीत चिकटवले. पाच आठवडे झाले, काय काय झालं ते सांगते.

गाडी वारसा हक्कानं माझ्या नावावर करायचा अर्ज दिला. आईची आणि भावाची संमती जोडली. दंड भरला. नवीन आरसी गेल्या मंगळवारी आली. माझं नाव बघून आई रडली, मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. मग म्हणाली, "त्यांचं नाव गेलं गं." याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

इंजिनचा अर्ज वेगळा दिला आहे, पावतीसकट, पेन्सिलच्या छापासकट. पोच मिळाली, निर्णय अजून नाही.

लेथवाले अण्णा, स्टिअरिंगचं ब्रॅकेट हललं. अगदी थोडं, पण हललं. आप्पांना शेवटच्या वर्षी खाली वाकता येत नव्हतं, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. त्याच दिवशी गाडी बंद केली. तुम्ही म्हणालात तशी आडवी पट्टी टाकून, चार बोल्टनं आवळून घेतलं. या गाडीत मी आईला घेऊन सौंदत्तीला जाऊन आले होते. तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती तशीच कुणाच्या तरी हातात दिली असती.

कॉम्प्रेशन: 158, 160, 155, 160 पीएसआय. डिफरन्शियल जुनाच आहे. स्पीडोमीटर साठाला चौपन्न दाखवतो. हे तिन्ही विक्रीच्या कागदावर लिहिलं. होज आप्पांनी बदलले नव्हते, मी बदलून घेतले. पंपाचा जुना डायफ्राम हातात घेतला तर ओल्या पापडासारखा लागत होता.

कोल्हापूरच्यांना फोन केला, कागद पुरे झाल्याशिवाय देणार नाही म्हटलं. त्यांनी मग भाव सव्वासातावर आणला आणि परत तेच म्हणाले, आताच द्या. नाही म्हटलं.

गोव्याच्या लोकांना मीच नको म्हटलं. त्यांची काही चूक नाही, पैसेही रोख देत होते. पण समुद्राकाठच्या दमट हवेत, पावसात, बागेत उभी राहून ती चार वर्षांत परत 2009 सारखी होणार. पत्रा दोनदा बसवलाय आम्ही.

अंकलीचा मुलगा परत आला, या वेळी आपल्या आईला घेऊन. मी त्याला येळ्ळूर रस्त्यानं चालवायला दिली. ओल्या वळणावर त्यानं आधी गिअर उतरवला आणि मग ब्रेकवर पाय ठेवला. परत येऊन बॉनेट उघडून बसला आणि मला विचारलं, "ताई, आप्पांची वही बघायला मिळेल का?" दोन तास वाचत होता. काही पानांचे फोटो काढून घेतले. वही देणार नाही म्हटलं, तर म्हणाला नकोच, ती तुमच्याकडंच राहू दे.

भाव 6 लाख 30 हजारांवर ठरला, जुनं इंजिन आणि बॉक्ससकट. 50 हजार विसार दिला. लेखी करार केला: इंजिनचा निर्णय येईपर्यंत गाडी माझ्याच शेडमध्ये राहणार. मंजुरी मिळाली तर जुनं इंजिन तेल घालून त्याच्याकडं जाईल. नाही मिळाली तर तो स्वतः इथं येऊन 1.5 परत बसवणार आणि 1.8 सुटं घेऊन जाणार. नूतनीकरणाचे दहा हजार निम्मे निम्मे. निपाणीकर काका, कराराचा मसुदा तुम्हाला पाठवला होता, तुम्ही सुचवलेली दुरुस्ती केली आहे.

माग पुढच्या महिन्यात येतायत. त्यांच्यासाठी गाडी भिंतीला दोन फूट सरकवून जागा केली. पंचगंगावाल्यांना सांगायचं राहिलं, जाहिरात काढायची वेळच आली नाही, त्यामुळे मसल हा शब्द कुठंच लिहिला नाही.

आता एक शेवटची मदत. माळ्यावर मूळ स्टीलच्या व्हील कॅपांचा संच सापडला, 1986 चाच. पण तीनच आहेत. चौथी बहुधा चोर्ल्याच्या घाटात 1998 ला पडली, आप्पा परत शोधायला गेले होते. अंकलीच्या मुलाला चार देता आल्या तर बरं होईल. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, गोवा, कुणाकडं एखादी पडून असेल तर कळवा. चेपलेली असली तरी चालेल, ठोकून घेऊ.

उद्यमबाग_लेथ

एक आहे माझ्याकडं. शेडमध्ये खिळे ठेवायला वापरतो. रविवारी घेऊन येतो, आणि ते जुनं इंजिन फिरतंय का तेपण बघतो.